येथे हात लावू नये

पस्तीस मिनिटांच्या तासाला गप्प न बसणाऱ्या मुलांना चाळीस मिनिटे एक अवाक्षरही काढू न देणारी बहुधा एकच शैक्षणिक योजना आजवर निघाली आहे. ती म्हणजे शालेय स्कुबा क्लब. या यशात शिक्षकांचा वाटा थोडा आणि रबराच्या बुचाचा मोठा आहे. त्या बुचाला रेग्युलेटर म्हणतात. ते दातांत धरायचे आणि त्यातून श्वास घ्यायचा. बोलण्यासाठी ते तोंडातून काढले तर शेरा पालकांच्या वहीत जात नाही, खारे पाणी घशात जाते.

स्कुबा हा शब्द आद्याक्षरांनी बनला आहे. ‘पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण उपकरण’ हा त्याचा सरळ अर्थ. स्वयंपूर्ण अशासाठी, की वर होडीत बसून कोणी नळीने हवा पुरवायची नाही. प्रवासाला निघताना जुनी माणसे पाण्याचा तांब्या आणि दशम्या बरोबर घेत, तशी प्रत्येकाने आपली हवा आपल्या पाठीवर न्यायची. हे उपकरण आजच्या रूपात १९४३ साली फ्रान्समध्ये तयार झाले. जॅक-ईव्ह कुस्तो या नौदल अधिकाऱ्याला पाण्याखाली मोकळे हिंडायचे होते आणि एमिल गान्यां या अभियंत्याकडे एक झडप होती. युद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते, लोक मोटारी गॅसवर चालवत होते, आणि इंजिन मागेल तेवढाच गॅस सोडणे हे त्या झडपेचे काम होते. तीच झडप थोडी बदलून फुप्फुसाला जोडली. शाळेच्या भाषेत याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणतात आणि त्याला प्रदर्शनात उत्तेजनार्थ बक्षीस मिळते.

पाठीवरच्या नळकांड्याला सारा महाराष्ट्र ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतो. त्यात ऑक्सिजन नसतो, म्हणजे हवेत असतो तेवढाच असतो. आत असते ती साधी, गाळलेली, कोरडी हवा. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा-सात मीटरच्या खाली गेले तर तो विषासारखा वागू लागतो. नेहमीच्या अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे पट दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा कोंबलेली असते आणि तिचे वजन अडीच किलोच्या वर भरते. ‘नुसती हवा आहे’ असे एखाद्याविषयी तुच्छतेने म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. धातूसकट सगळे मिळून सोळा-सतरा किलो होतात. २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. त्या हिशेबाने हा सिलिंडर उचलणारे मूल दीडशे किलोच्या पुढचे हवे. म्हणून मुलांना लहान सिलिंडर देतात. शिवाय पाण्यात शिरल्यावर वजन जवळजवळ जाणवेनासे होणारे दप्तर असे हे एकच.

क्लबचे वार्षिक नियोजन करताना पहिला पेच पंचांगाचा पडतो. जागतिक महासागर दिन ८ जूनला येतो. संयुक्त राष्ट्रांनी २००८ साली त्याला मान्यता दिली तेव्हा कोकणाला विचारलेले दिसत नाही. त्या सुमारास मृग नक्षत्र लागते, समुद्र खवळलेला असतो, १ जूनपासून यांत्रिक मासेमारीही बंद असते, आणि राज्यातल्या बहुतेक शाळा उघडलेल्याच नसतात. परिणामी महासागर दिन जूनच्या शेवटी एखाद्या शनिवारी वर्गातच साजरा होतो. चित्रकला स्पर्धा होते, सगळ्यांचा निळा खडू एकाच वेळी संपतो, आणि हसणाऱ्या देवमाशाला पहिला क्रमांक मिळतो. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात आणि होड्या लोटतात. पाणबुड्यांना मात्र गढूळ पाणी निवळेपर्यंत थांबावे लागते. पाणी निवळते तोवर सहामाही परीक्षा येते, मग दिवाळी, आणि नाताळानंतर स्नेहसंमेलनाच्या तालमी. असे काटत काटत तुळशीच्या लग्नापासून नाताळपर्यंतचे काही शनिवार-रविवार उरतात. महासागराने पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग व्यापला आहे. शाळेच्या वेळापत्रकात त्याच्या वाट्याला एवढेच येते.

त्याआधी पालकसभा. स्कुबाच्या प्रशिक्षणातला हा सर्वांत खोल टप्पा. पहिला प्रश्न ठरलेला असतो : “सर, मालवणच्या समुद्रात शार्क असतात का?” असतात. मालवणात शार्कला मोरी म्हणतात आणि मोरीचे मटण भाकरीबरोबर चांगले लागते. माणूस आणि शार्क यांच्यापैकी भ्यायचे कोणी, हे त्यावरून ठरवायला हरकत नाही. दुसरा प्रश्न : “दहावीला याचे मार्क मिळतात का?” या प्रश्नाला उत्तर देताना शिक्षक पाण्यात नसूनही त्यांचा श्वास अडकतो. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण तो सर्वांच्या चेहऱ्यावर असतो : शेजारच्यांच्या मुलाने नाव दिले आहे का? एका पालकाने होकार दिला की संमतिपत्रकावर सह्यांची रांग लागते. ते पत्रक संपूर्ण वाचणारा पालक दर वर्षी एक निघतो; तो वकील असतो, आणि त्याच्यामुळे सभा तासभर लांबते.

घरी खरा विरोध आजीकडून होतो. ओल्या अंगाने हिंडशील, सर्दी होईल, कानाला वारा लागेल, हे तिचे तीन मुद्दे. गंमत अशी, की स्कुबाचे पाठ्यपुस्तक आजीच्या बाजूचे आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब वातावरणाच्या एकपट वाढतो. हा दाब सर्वांत आधी कानाच्या पडद्याला कळतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीने हवा जाते आणि पडदा मोकळा होतो. सर्दी असेल तर ती नळी चोंदलेली असते, हवा जात नाही, कान ठणकतो, आणि तरीही खाली गेले तर पडदा फाटू शकतो. म्हणून नियम आहे : सर्दी असेल तर बुडी नाही. जगातला कोणताही प्रशिक्षक यात सूट देत नाही. आजी आणि विज्ञान यांचे एकमत झाल्याचे प्रसंग थोडे; हा त्यांतला एक, आणि तो ऐकल्यापासून आजी क्लबच्या बाजूने बोलू लागते.

वयाचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘पॅडी’ या प्रशिक्षण संस्थेचे नियम बऱ्याच ठिकाणी पाळले जातात. आठ वर्षांच्या मुलाला दोन मीटरपर्यंत बुडबुडे काढायची परवानगी असते. दहाव्या वर्षी कनिष्ठ प्रमाणपत्र मिळते आणि १२ मीटरपर्यंत जाता येते, तेही पालक किंवा प्रशिक्षकासोबत. बाराव्या वर्षापासून मोठ्यांच्या सोबतीने १८ मीटर. पंधराव्या वर्षी मूल या बाबतीत प्रौढ समजले जाते. घरी मात्र ते अजून दूध पिताना मिशी ठेवते. प्रमाणपत्राआधी पोहण्याची परीक्षा असते : २०० मीटर पोहायचे, वेळेचे बंधन नाही, आणि दहा मिनिटे तरंगून दाखवायचे. प्रमाणपत्राचे नाव ‘पॅडी’ आहे, भाताचे पीक नव्हे, हे गावाकडच्या काकांना एकदा समजावून सांगावे लागते.

प्रशिक्षण तलावात सुरू होते आणि तिथे बालपणापासूनचे सगळे संस्कार उलटे करावे लागतात. आजोबा विहिरीत पोहायला शिकले तेव्हा त्यांच्या पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधला होता, बुडू नये म्हणून. नातवाच्या कमरेला शिशाची वजने बांधतात, तो बुडावा म्हणून. विहिरीवर पहिला धडा होता श्वास रोखून धरण्याचा. स्कुबात पहिला नियम हा, की श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर फुप्फुसात भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येताना दुप्पट जागा मागते; तोंड मिटून वर आले तर ती जागा फुप्फुस फाडून घेते. वर यायचे तेही सावकाश, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून. गाडीतून उतरताना दारात गर्दी करणाऱ्या समाजाला ही तीन मिनिटे फार जड जातात.

थुंकण्याचा भाग वेगळा सांगितला पाहिजे. तलावाच्या भिंतीवर लाल रंगात पाटी असते : ‘येथे थुंकू नये’. पाटीखाली वीस मुले ओळीने बसलेली. प्रशिक्षक प्रत्येकाच्या हातात काचेचा मुखवटा देतात, त्याला मास्क म्हणतात, आणि म्हणतात, “थुंका.” मुले पाटीकडे पाहतात, मग शिक्षकांकडे. शिक्षक छताकडे पाहतात. लाळेचा पातळ थर काचेवर फिरवून विसळला की काचेवर धुके धरत नाही, एवढेच यामागचे शास्त्र आहे. पण पहिलीपासून जे करू नये म्हणून छडी मिळाली तेच अधिकृतपणे करायला मिळते आहे, हे लक्षात आल्यावर वर्गाचा उत्साह पाहण्यासारखा असतो. दोन मुले तर काच अपारदर्शक होईपर्यंत थांबत नाहीत. पुढचा धडा शिंकरण्याचा. मास्कमध्ये पाणी शिरले की वरची कड कपाळाशी दाबून धरायची आणि नाकाने जोरात हवा सोडायची. पाणी खालून निघून जाते. चारचौघांत शिंकरू नये, ही शिकवणही इथे बाद होते.

मग खुणांची भाषा. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ नाही. त्याचा अर्थ ‘वर चला’. छान म्हणायचे असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. मोबाइलवर दिवसाला शंभर अंगठे पाठवणाऱ्या पिढीला हा फरक पाठ व्हायला तीन आठवडे लागतात. एखादा मुलगा तळाशी पहिल्यांदाच स्थिर तरंगतो, त्याला आनंद होतो, तो प्रशिक्षकाला अंगठा दाखवतो. प्रशिक्षक नियमाप्रमाणे त्याला घेऊन वर येतात. वर आल्यावर “काय झालं रे?” “काही नाही सर, मस्त वाटत होतं.” पुन्हा खाली. पुन्हा स्थिर, पुन्हा आनंद, पुन्हा अंगठा. अशा तीन फेऱ्या झाल्यावर मुलाचा आनंद मावळतो आणि खूण पाठ होते.

प्रत्येकाला एक जोडीदार असतो. दोघांनी एकमेकांची उपकरणे तपासायची, एकमेकांच्या नजरेत राहायचे; एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपल्याजवळचे जादा रेग्युलेटर द्यायचे. जोडीदार दिसेनासा झाला तर मिनिटभर शोधायचे आणि वर यायचे. जोड्या हजेरीपटाप्रमाणे लावल्या तर डब्यातला लाडू न दिल्यावरून गेल्या वर्षीपासून अबोला असलेले दोघे हमखास एकत्र येतात. पाण्याखाली अबोला सगळ्यांचाच असतो, त्यामुळे त्यांचे काही अडत नाही.

तलाव झाला की मालवण. बसमधल्या भेंड्या, घाटात दोघांना उलटी आणि पोहोचल्यावर पहिला सोलकढीचा पेला, हे सर्व सहलींना समान असल्याने इथे गाळले आहे. मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी काम सुरू झाले आणि १६६७ साली पुरे झाले. किल्ल्याभोवतीचे खडक त्या काळी शत्रूची गलबते फोडण्याच्या कामी येत. आज त्याच खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ साली इथला २९ चौरस किलोमीटरहून थोडा जास्त भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आपले पोट या पाण्यावर आहे, मग हे कसले अभयारण्य, असे म्हणत स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि तो वाद चांगलाच लांबला. किनाऱ्यावरून रापण ओढणारा मच्छीमार दहा यंत्रवाल्यांनी समुद्र खरवडून नेलेला रोज पाहत असतो. त्याला संवर्धनाचे व्याख्यान द्यायला शहरातून मुले येतात तेव्हा तो ऐकून घेतो. कोकणी माणसाचे ऐकून घेणे काय असते ते ज्याला ठाऊक आहे तो शिक्षक व्याख्यान आवरते घेतो.

तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाचे स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे. शिवाय किनाऱ्यावर पर्यटकांसाठीचा झटपट स्कुबाही आहे. त्यात पर्यटकाला मानगुटीजवळ धरून दहा-पंधरा मिनिटे खाली नेतात, फिरवतात आणि चित्रफीत काढून देतात. चित्रफितीत मासे भरपूर यावेत म्हणून पाण्यात ब्रेड किंवा बिस्किटे सोडायची पद्धतही दिसते. ब्रेडला चटावतात ते दांडगे मासे. खडकावरचे शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवायचे त्यांचे काम मागे पडते. कबुतरखान्याचे जे शहरात झाले तेच समुद्रात करायची ही तयारी आहे. क्लबच्या मुलांना इथे बाजूला उभे करून हे दाखवतात, आणि खिशातला बिस्किटाचा पुडा जमा करून घेतात. तो पुडा पुढे शिक्षकांच्या होडीत संपतो.

पाण्याखाली गेल्यावर पहिली फजिती डोळ्यांची होते. मास्कमधून वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठ्या आणि पाऊण अंतरावर दिसतात. सुटलेला मासा मोठा, या म्हणण्याला भौतिकशास्त्राचा असा भक्कम आधार आहे. वर आल्यावर मुले हातभर माशाचे वर्णन करतात तेव्हा ती खोटे बोलत नसतात, फक्त अपवर्तनाची वजाबाकी राहिलेली असते. दुसरी फजिती रंगांची. पाणी लाल रंग आधी गिळते; पाच-सहा मीटरवरच लाल टी-शर्ट तपकिरी दिसू लागतो आणि आणखी खाली काळपट. शाळेच्या चार गटांपैकी लाल गट तळाशी पोहोचेपर्यंत अस्तित्वातच राहत नाही. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो, आणि होडी कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. ती सगळीकडून आल्यासारखी वाटते, मुख्याध्यापकांच्या पावलांसारखी.

समोर जे दगडासारखे दिसते ते प्रवाळ. तो दगड नाही, झाड तर नाहीच. तो प्राणी आहे, किंवा प्राण्यांची चाळ आहे. हजारो इवले जीव चुन्याच्या खोल्या करून भिंतीला भिंत लावून राहतात. प्रत्येकाच्या अंगात सूक्ष्म शैवाल पोटभाडेकरू म्हणून असते. ते सूर्यप्रकाशावर साखर बनवते आणि भाडे म्हणून मालकाला देते; मालकाचा बहुतेक शिधा त्यातून येतो. चाळीचा रंगही त्या भाडेकरूचाच. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले की दोघांचे बिनसते. भाडेकरू बाहेर पडतो, चाळ पांढरी पडते आणि मालक उपाशी राहतो. पाणी लवकर निवले तर समेट होतो, नाही तर सगळी चाळ मरते. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा जागतिक पांढरेपणाची चौथी लाट जाहीर केली. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळाने व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे पाव प्रजातींचा संसार त्याच्या आश्रयाने चालतो. मुंबईत चाळी पाडल्या की निदान टॉवरची जाहिरात तरी लागते.

या चाळीला हात लावायचा नाही. गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे पाचवीतल्या मुलाच्या वयाचा गोळा त्याच्या ओंजळीत मावतो. एक लाथ बसली तर त्याची दहा वर्षे गेली. २००१पासून कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, जिथे वाघ आहे तिथेच. वाघाला हात लावू नये हे मुलांना सांगावे लागत नाही; प्रवाळाबद्दल दर बुडीला सांगावे लागते, कारण तो गुरगुरत नाही. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळे वेगळ्या जातीचे, बहुतेक भूमध्य समुद्राकडचे. तेव्हा आईने सांगितले म्हणून एखादा तुकडा खिशात टाकून आणण्यात पुण्य नाही आणि मंगळही सौम्य होत नाही.

हात न लावणे मात्र फार कठीण काम आहे. त्यासाठी तळ आणि पृष्ठभाग यांच्या मधोमध, वरही नाही आणि खालीही नाही, असे लटकून राहता आले पाहिजे. श्वास आत घेतला की शरीर वीतभर वर जाते, सोडला की वीतभर खाली. ज्याचा श्वास शांत तो स्थिर. जो घाबरला तो हातपाय मारतो, वाळू उडवतो, कशाला तरी धरू पाहतो, आणि सिलिंडर अर्ध्या वेळेत संपवतो. ज्या महाराष्ट्रात देवळात, वस्तुसंग्रहालयात, उसाच्या गुऱ्हाळावर आणि नव्या रंगवलेल्या बाकावर ‘हात लावू नये’ अशी पाटी लावून भागत नाही, तिथली चौदा वर्षांची मुले पाटी नसलेल्या जागी हात छातीशी बांधून तरंगत असतात, हे दृश्य कोणत्याही समुद्रफुलापेक्षा दुर्मीळ आहे. पालकांना ते दाखवता येत नाही, एवढीच खंत. घरी आल्यावर तेच हात झाकलेल्या पातेल्यात जातात.

संवर्धनाचा पुढला भाग कचऱ्याचा. २०११पासून जगभरचे पाणबुडे तळावरचा कचरा वेचून तो जातवार मोजतात आणि त्याची नोंद एका सामायिक यादीत पाठवतात. मोजण्याचे आणि रकाने भरण्याचे काम मुलांना फार आवडते. बाटल्या, वेफर्सची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, नायलॉनचा दोर. चप्पल नेहमी एकच सापडते. दुसरी समुद्राच्या दुसऱ्या टोकाला कोणत्या तरी दुसऱ्या क्लबला मिळत असावी. एकदा हाती लागलेली बाटली लगेच पिशवीत टाकायची नाही, आधी आत डोकावायचे. हिरव्या काचेच्या बाटलीच्या तोंडाशी बोटभर लांबीचा मासा अडून बसलेला असतो, खांद्यांनी दार धरून ठेवावे तसा. बाहेरचा प्रकाश बदलला की तो आत सरकतो, पुन्हा तोंडाशी येतो, आणि मास्कच्या काचेकडे अशा नजरेने पाहतो, की जागा रिकामी करायची नोटीस बजावायला आलेला बेलिफ परत फिरावा. बाटलीवर बारीक शिंपलेही बसलेले असतात. अशा बाटलीला हात लावायचा नाही, असा नियम आहे. कसेल त्याची जमीन, तशी राहील त्याची बाटली. नोंदवहीत मात्र ती ‘काच, एक नग’ म्हणून लिहितात आणि शेऱ्यात ‘ताबा आहे’ असे.

तुटून वाहून गेलेल्या जाळ्यांचा प्रकार गंभीर आहे. मालक किनाऱ्यावर, जाळे समुद्रात, आणि मासेमारी चालूच. त्यात मासे अडकतात, मरतात, त्यांना खायला आलेले अडकतात, आणि नायलॉन कुजत नाही. त्यांना भूतजाळी म्हणतात, आणि कोकणात भूत म्हटल्यावर कोणी हसत नाही. मुलांनी ही जाळी ओढायची नसतात. ती कापणे प्रशिक्षित पाणबुड्यांचे काम आहे, कारण पाय अडकला तर कापणाराच सावज होतो. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी आला तर मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडावे, म्हणून डिसेंबर २०१८पासून राज्य सरकार नुकसानभरपाई देते, जास्तीत जास्त २५,००० रुपये. अर्जासोबत सुटकेचे छायाचित्र लागते. फाटके जाळे, अंगावर येणारी लाट, पंख मारणारे कासव आणि एका हातात मोबाइल, अशा स्थितीत काढलेले ते फोटो पाहिले की झटपट स्कुबाच्या चित्रफिती फिक्या पडतात.

किनारा स्वच्छतेत तुलनेने धोका कमी आणि फ्लेक्स जास्त. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे साफ करण्याची प्रथा १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधून सुरू झाली. आपल्याकडे तिला उद्घाटन, स्वागत, पाण्याच्या बाटल्या आणि थर्माकोलच्या ताटलीतला उपमा यांची जोड मिळाली. सोहळा संपल्यावर किनाऱ्यावरून उचललेला कचरा आणि सोहळ्याचा स्वतःचा कचरा यांची वजने घेतली तर निकाल चुरशीचा लागेल. वर्सोव्याचा किनारा २०१५पासून अफरोज शाह आणि त्यांच्या सोबत्यांनी आठवड्यामागून आठवडे उपसला, तेव्हा तो किनारा म्हणून दिसू लागला. तिथे उद्घाटन एका दिवसात उरकणारे नव्हते. शहाणे क्लब फ्लेक्स छापत नाहीत. ज्यांना राहवत नाही ते कापडावर रंगवतात आणि पुढच्या वर्षी तारीख बदलतात.

दुपारी जेवण. सकाळी ज्याच्याकडे पाहून डोळे विस्फारले तोच ताटात आलेला पाहून एक-दोन मुले गप्प होतात. एखादी मुलगी “मी आजपासून मासे सोडले” असे जाहीर करते. तो निर्धार रव्यातली तळलेली सुरमई समोर येईपर्यंत टिकतो. खाणाऱ्याने अपराधी वाटून घ्यायचे कारण नाही. मालवणी माणूस शतकानुशतके मासे खातो आहे आणि समुद्र त्यामुळे रिता झाला नाही. प्रश्न पिल्लांचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, म्हणजे निदान एकदा तरी अंडी घालून झाल्यावर मासा जाळ्यात यावा. खानावळीत पट्टी काढून बांगडा मोजणारा एक मुलगा प्रत्येक क्लबमध्ये असतो. मालकीणबाई त्याच्याकडे पाहतात आणि म्हणतात, “मोज हां बाबा. मापात कमी भरलो तर दुसरो देतंय.”

याच समुद्रात विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे. नावावरून घाबरू नये. ही सहकारी बँक नव्हे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे ते पाण्याखालचे पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागाखाली वीसेक मीटरवर, आणि त्यावर धडधाकट प्रवाळ. शालेय प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर असल्याने मुलांना तिथे जाता येत नाही. प्रत्येक तुकडीतली दोन-तीन मुले नकाशावर त्या ठिपक्याभोवती पेन्सिलने गोल करतात आणि तिथे जाण्याइतके मोठे आपण कधी होतो ते बोटांवर मोजतात. क्लबच्या सगळ्या खर्चाची वसुली यात होते, असे लेखापरीक्षकाला पटवता आले तर बरे.

संध्याकाळी उपकरणे गोड्या पाण्यात धुऊन वाळत घालतात, मुले नोंदवही भरतात. खोली, वेळ, उरलेली हवा, जोडीदाराची सही. विमानाने परतणाऱ्यांनी, दिवसात एकाहून जास्त बुड्या मारल्या असतील तर, निदान १८ तास थांबायचे असते. मालवणहून बसने परतणाऱ्यांपुढेही घाटाची उंची असते, म्हणून तिथेही घाई करत नाहीत.

या हंगामात मालवणला निघालेल्या मोठ्यांनी ब्रेडचा पुडा हॉटेलातच ठेवावा, खाली गेल्यावर हात छातीशी धरावेत, आणि सर्दी असेल तर होडीने जाऊन किल्ला पाहून यावे.